वाचनाला तालीम हवी

चौदा वर्षांचा मुलगा अरबीच्या वर्गात उभा राहतो. पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. वाक्य तीनच शब्दांचे आहे : मुलाने दार उघडले. तो वाचतो, 'फतह. अल्-वलद. अल्-बाब.' प्रत्येक शब्दानंतर थांबतो आणि दर वेळी मान वर करून शिक्षकांच्या चेहऱ्याचा अंदाज घेतो. अर्थ विचारला तर क्षणात सांगेल, शब्द सगळे ओळखीचेच आहेत. तेच वाक्य एखादा मुरलेला वाचक एका दमात म्हणतो, 'फतहल्-वलदुल्-बाब.' दोन्ही 'अल्'मधला 'अ' गिळला जातो, आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर पुढच्या शब्दाला जाऊन बिलगतो, आणि 'वलद'नंतरचा तो इवलासा 'उ' ऐकणाऱ्याला सांगून जातो की उघडणारा मुलगा आहे. 'वलद'पुढे 'अ' आणि 'बाब'पुढे 'उ' लावला, तर दाराने मुलाला उघडले असा अर्थ होईल. पुस्तकात मात्र हा 'उ' छापलेला नाही. तो मुलाने स्वतःच्या डोक्यातून आणून तिथे बसवायचा आहे.

मी बरीच वर्षे माध्यमिक वर्गांना अरबी शिकवते आहे. त्या अनुभवावरून ठामपणे सांगते : अरबी मोठ्याने आणि ओघाने वाचायला शिकवणे हे माध्यमिक शाळेचे काम आहे, आणि आम्ही शिक्षक ते करत नाही. आम्ही मुलांकडून वाचून घेतो. एकाला उठवतो, चार ओळी वाचायला लावतो, चुका दाखवतो, खाली बसवतो, दुसऱ्याला उठवतो. यात शिकवणे कुठे झाले? ही तर परीक्षा झाली, तीही अभ्यास न देता घेतलेली. 'वाचता तर प्राथमिक शाळेतच येऊ लागते' हे गृहीत धरून आम्ही पुढे निघून जातो. इतर भाषांत ते काही अंशी चालून जात असेल. अरबीत अजिबात चालत नाही. याचे कारण लिपीतच आहे आणि ते नीट पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही.

अरबीत २८ अक्षरे, सगळी व्यंजने. त्यांतली अलिफ, वाव आणि या ही तीन दीर्घ स्वरांचेही काम करतात. ह्रस्व स्वर तीन, 'अ', 'इ' आणि 'उ'. त्यांना अक्षर नाही, वरखाली द्यायच्या छोट्या खुणा आहेत : फतहा, कसरा आणि दम्मा. स्वर नसेल तिथे सुकून, अक्षर दुप्पट असेल तिथे शद्दा. या स्वरखुणांना हरकात म्हणतात. एकवचन हरका, म्हणजे हालचाल. आपला 'हरकत' हा शब्द तिथूनच आलेला आहे. रोजच्या छपाईत, म्हणजे वर्तमानपत्रात, कादंबरीत, पाटीवर, या खुणा गाळलेल्या असतात.

मराठी वाचकाला याची कल्पना यावी म्हणून असे समजा, की काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळे पुसून टाकले आणि कागदावर नुसते 'मल' उरले. मला, माल, मूल, मोल, मैल, मेला, यांतले काय वाचायचे ते पुढच्या-मागच्या शब्दांवरून ठरवायचे. तुलना तंतोतंत नाही, कारण अरबीत दीर्घ स्वर लिहिले जातात. पण दुसऱ्या बाजूने अडचण आणखी मोठी आहे. आपल्याकडे कोणी काय केले हे 'ने', 'ला', 'चा' सांगतात. अरबीत ते काम बऱ्याचदा शब्दाच्या टोकाचा ह्रस्व स्वर करतो, आणि नेमका तोच छापलेला नसतो. टोकाच्या या बदलांच्या व्यवस्थेला इअराब म्हणतात. 'ने' आणि 'ला' न छापलेले मराठी पुस्तक भर वर्गात, न अडखळता, ते प्रत्यय आपल्या मनाने भरत वाचून दाखवायचे आहे असे समजा. माध्यमिक शाळेतला विद्यार्थी रोज हेच करत असतो.

'क-त-ब' ही तीन अक्षरे घ्या. 'कतब' म्हटले (शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारून) तर त्याने लिहिले, 'कुतिब' म्हटले तर लिहिले गेले, 'कुतुब' म्हटले तर पुस्तके, 'कत्तब' म्हटले तर लिहायला लावले. छापील रूप चौघांचे एकच. 'मदरसा' म्हणजे शाळा हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच अक्षरांत 'मुदर्रिसा', म्हणजे शिक्षिकाही लपलेली आहे. 'शिक्षिका वर्गात आली' या वाक्यात शाळाच वर्गात आल्याचे मी कितीतरी वेळा ऐकले आहे. वाचणाऱ्या मुलाला अरबी येत नाही म्हणून हे होत नाही. डोळा पहिल्या ओळखीच्या रूपावर थांबतो आणि पुढचा शब्द दिसायच्या आत तोंडाने ते रूप उच्चारलेले असते.

इजिप्तचे सुधारक कासिम अमीन यांच्या नावावर एक निरीक्षण सांगितले जाते : इतर भाषांत माणूस समजण्यासाठी वाचतो, अरबीत मात्र वाचण्यासाठी आधी समजावे लागते. कासिम अमीन १९०८ साली वारले. त्यांनी दाखवलेली गाठ शंभर वर्षांनंतरही सुटलेली नाही. आणि ही गाठ विद्यार्थ्याच्या गळ्याभोवती नेमकी माध्यमिक शाळेत आवळली जाते. पहिल्या इयत्तांच्या पुस्तकांत सगळ्या खुणा दिलेल्या असतात. वर जावे तशा त्या विरळ होत जातात आणि इतिहास-विज्ञानाच्या जाड पुस्तकांत जवळजवळ नाहीशाच होतात. म्हणजे काठी काढून घेण्याची आणि चढण सुरू होण्याची वेळ एकच. त्या वेळी चालायला शिकवणारे कोणीही शेजारी नसते, कारण 'वाचन' हा विषय खालच्या वर्गातच संपलेला असतो.

या खुणा जन्माला कशा आल्या याची परंपरेने चालत आलेली एक कथा मला फार मोलाची वाटते. सातव्या शतकात बसऱ्याला अबुल अस्वद अद्-दुअली नावाचे विद्वान होते. त्यांची मुलगी एकदा आकाशाकडे पाहून म्हणाली, 'मा अह्सनुस्-समाइ.' त्यांनी उत्तर दिले, 'त्यातले तारे.' मुलगी म्हणाली, मी विचारत नव्हते, मला आकाश किती सुंदर आहे असे म्हणायचे होते. तेव्हा ते म्हणाले, मग 'मा अह्सनस्-समाअ' असे म्हण. दोन टोकांचे स्वर बदलले आणि उद्गाराचा प्रश्न झाला. धर्मग्रंथाच्या एका आयतीत कोणी टोकाचा स्वर चुकवल्याने भलताच अर्थ निघाल्याचीही कथा त्यांच्याच संदर्भात सांगतात. मग त्यांनी लेखनिक समोर बसवला आणि सांगितले : मी तोंड उघडले की अक्षराच्या वर टिंब दे, ओठ मिटून गोल केले की बाजूला दे, खाली आणले की खाली दे. टिंबांसाठी शाई वेगळ्या रंगाची. फतहा म्हणजे उघडणे, दम्मा म्हणजे जुळवणे, कसरा म्हणजे मोडणे, ही नावे तोंडाच्या हालचालींची आहेत. पुढे आठव्या शतकात अल्-खलील इब्न अहमद यांनी टिंबांऐवजी आजच्या खुणा बसवल्या. दम्मा हा त्यांनी केलेला छोटासा वाव आहे.

ही कथा वर्गात सांगितली की मुले आपोआप आपले ओठ चाचपून पाहतात. खुणांचा उगम व्याकरणाच्या तक्त्यात शोधायला जाऊ नये. कोणीतरी वाचत होते, दुसरे कोणीतरी त्याचे तोंड निरखून पाहत होते, त्यातून त्या आल्या. वाचन तोंडाने शिकायचे, समोर बसून शिकायचे, हे त्या लेखनिकाच्या टिंबांतच आहे.

दुसरी अडचण कानाची आहे. ज्या मुलांची मातृभाषा अरबी आहे, त्यांच्याही घरात पुस्तकातली अरबी बोलत नाहीत. घरात, रस्त्यावर त्या-त्या भागाची बोली म्हणजे आम्मिया. पुस्तकात, बातम्यांत, भाषणात फुस्हा. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली अशा दुपदरी भाषास्थितीवर जो लेख लिहिला, त्यातल्या चार नमुन्यांत अरबी होती. बोलींत इअराबच्या स्वरांची ती व्यवस्था उरलेली नाही. म्हणजे जो 'उ' मुलाने डोक्यातून आणायचा आहे, तो त्याने आईच्या तोंडून कधी ऐकलेलाच नाही. आपल्याला प्रमाण मराठी वाचताना कान मदत करतो, चुकीचा प्रत्यय लागला की खटकतो. फुस्हा वाचताना तसे खटकायला कान आधी तयार करावा लागतो. अरबी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी वाटते, पण या बाबतीत दोघे एकाच बाकावर आहेत.

कुराणाचे पठण सुरेख येणारी मुले वर्गात असतात. त्यांचे कौतुक वाटते आणि त्यांच्याबद्दलच सर्वांत मोठा गैरसमजही होतो. कुराणाच्या प्रतीत प्रत्येक स्वर छापलेला असतो, कुठे थांबायचे त्याच्याही खुणा असतात, शिवाय बराच भाग कानांनी आधीच पाठ झालेला असतो. त्यांतलीच एखादी मुलगी वर्तमानपत्रातला परिच्छेद हाती घेते आणि दुसऱ्याच ओळीत अडते. तिला वाटते आपले अरबी कच्चे आहे, शिक्षकांना वाटते ती लक्ष देत नाही. खरे तर तिला आजवर कोणी खुणांविना वाचायला शिकवलेलेच नाही. तिच्या उच्चारांची कमाई मात्र खरी आहे. 'कल्ब' म्हटले की कुत्रा आणि घशाच्या मुळातून 'क़ल्ब' म्हटले की हृदय, हा भेद तिला पहिल्या दिवसापासून येतो. वर्गाने तो तिच्याकडून शिकावा. फक्त पठणातले लांब हेल आणि नाकातली गुंजन साध्या गद्यात आणायची नाही, हे तिला समजावून सांगावे लागते, आणि ते आदराने सांगावे.

परिस्थिती किती गंभीर आहे हे आकड्यांतही दिसते. प्राथमिकच्या साधारण चौथ्या वर्षाच्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या 'पिर्ल्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीचा मध्यबिंदू ५०० गुणांचा. २०१६ साली मोरोक्कोला ३५८ आणि इजिप्तला ३३० गुण मिळाले. ही मौनवाचनाच्या आकलनाची चाचणी आहे, तीत मोठ्याने वाचायचे नसते. पण ही मुले पुढे माध्यमिक वर्गात येतात ती या अवस्थेत येतात, आणि तिथे त्यांच्या हाती खुणा नसलेले पुस्तक दिले जाते.

आता वर्गात आम्ही काय करतो ते सांगते. यात मी स्वतःलाही धरते, कारण पहिली कित्येक वर्षे मी हेच केले. मुलगा वाचतो, तिसऱ्या शब्दावर चुकतो, मी लगेच बरोबर उच्चार सांगते. तो सूत गमावतो, पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला जातो, आता सातव्या शब्दावर चुकतो, मी पुन्हा टोकते. चार ओळींत वीस वेळा. पस्तीस जण बसून हे ऐकत असतात आणि आपल्या वाट्याच्या ओळी बोटाने मोजत असतात. ऐकत कोणीच नसते. टोकण्याचा परिणाम फार लवकर दिसतो : मुले शब्दाचे टोक पुटपुटायला शिकतात. 'वलदु' की 'वलद' हे कळू नये असा काहीतरी मधलाच अस्पष्ट आवाज काढतात. चूक लपली की टोकणे टळते. एक दिवस एका हुशार मुलीने माझ्यासमोर अख्खा परिच्छेद असाच टोके खात वाचला, आणि मला कळून चुकले की ही युक्ती मी तिला शिकवली आहे.

'तालीम' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, नाटकाची तालीम आणि कुस्तीची तालीम. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिकवणे असा आहे. मराठीने त्यात घटवून घेण्याची जी छटा भरली, तीच अरबी वाचनाच्या वर्गाला हवी आहे. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा संहिता हातात देऊन कोणी नटाला रंगमंचावर ढकलत नाही.

पुन्हा पुन्हा वाचण्याची पद्धत ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतले एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली ती नीट मांडली : लहानसा, अर्थपूर्ण उतारा, पन्नास ते दोनशे शब्दांचा, ओघ येईपर्यंत परत परत वाचायचा, मग पुढचा घ्यायचा. त्यामागचा विचार असा की मनाची शक्ती मर्यादित असते. शब्द ओळखण्यातच ती खर्च झाली तर अर्थाला उरत नाही. २००० साली तिथल्या 'नॅशनल रीडिंग पॅनेल'ने उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की मार्गदर्शनाखाली मोठ्याने केलेल्या पुनर्वाचनाने ओघही सुधारतो आणि आकलनही. हे अभ्यास बहुतेक इंग्रजीचे आहेत हे मान्य. पण अरबीत शब्द ओळखण्यावर होणारा खर्च कितीतरी जास्त असताना पुनर्वाचनाची गरज कमी कशी असेल?

माझ्या वर्गात आता आठवडाभर एकच उतारा असतो, शंभरेक शब्दांचा. सोमवारी तो मी वाचते. अरबी शिक्षकांच्या भाषेत याला आदर्श वाचन म्हणतात, आणि हीच पायरी सर्वांत आधी गाळली जाते. मुलांच्या हातात सगळ्या खुणा असलेली प्रत असते. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्याबरोबर एकसुरात वाचतात, मग जोडीजोडीने. तिसऱ्या दिवशीच्या प्रतीत शब्दांच्या पोटातल्या खुणा काढलेल्या असतात, फक्त टोकाच्या आणि घोटाळ्याच्या जागच्या ठेवलेल्या असतात. शेवटी एकही खूण नसलेली, कोरी प्रत. त्या कोऱ्या प्रतीवर मुले पेन्सिलीने स्वतः खुणा करतात, पण सगळीकडे नाही. 'जिथे अडखळाल असे वाटते तिथेच करा' असे सांगितलेले असते. या एका सूचनेने खूप काही साधते. कोण कुठे खूण करतो यावरून मला त्याच्या मनातला अंधार नेमका कुठे आहे ते दिसते. कर्मणी क्रियापदावर एखादा दम्मा देऊन ठेवण्याची पद्धत वर्तमानपत्रांतही आहे. संपादकाला जिथे वाचक घसरेल असे वाटते, तिथे तो एक खूण टाकतो. मुले तीच नजर शिकतात.

सगळ्यांत जास्त वेळ मी शब्दांच्या जोडांवर घालवते, कारण ओघ शब्दांत नसतो, सांध्यांत असतो. 'फी' म्हणजे मध्ये, 'अल्-बैत' म्हणजे घर. दोन्ही एकत्र आले की 'फिल्-बैत'. 'फी'चा दीर्घ स्वर आखूड झाला, 'अल्'चा 'अ' गेला. पुढे चौदा अक्षरे अशी आहेत की त्यांच्यासमोर 'अल्'चा 'ल'ही विरघळतो : 'अल्-शम्स' लिहायचे, 'अश्-शम्स' म्हणायचे. उरलेल्या चौदांपुढे तो टिकतो, 'अल्-कमर'. सूर्य आणि चंद्र यांच्यावरूनच या दोन गटांना सूर्याक्षरे आणि चंद्राक्षरे म्हणतात. हे नियम प्रत्येक मुलाला पाठ असतात. वाचताना मात्र ते उपयोगी पडत नाहीत, कारण वाचताना नियम आठवायला वेळच नसतो. जीभ तयार लागते. म्हणून आम्ही नुसत्या जोडांचा सराव करतो, दोन-दोन शब्दांचा, टाळी देत.

मग चिकटलेले शब्द. 'वसयक्तुबूनहा' हा लिखाणात एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'आणि ते ती लिहितील'. 'व' म्हणजे आणि, 'स' भविष्यकाळाचा, मधले क्रियापद, शेवटचे 'हा' म्हणजे ती. सुरुवातीचा 'व' आणि 'स' कुठे संपतात हे डोळ्याला दिसले नाही तर मूल या शब्दापाशी दगडासारखे थांबते. फळ्यावर असे शब्द रंगीत खडूने फोडून दाखवले, की दुसऱ्या वेळी ते थांबत नाही. काही शब्द तर न फसता वाचताच येत नाहीत. शंभर या अर्थाचा शब्द जुन्या रूपात मधे अलिफ घालून लिहितात. तो अलिफ मुका आहे, उच्चार 'मिअ' असाच, पण वर्गातली अर्धी मुले 'माअ' वाचतात. अम्र आणि उमर ही दोन नावे वेगळी दिसावीत म्हणून 'अम्र'च्या शेवटी वाव लिहितात, आणि तो वाव वाचायचा नसतो. उलट 'हाज़ा' म्हणजे 'हा' या शब्दात पहिला 'आ' दीर्घ म्हणायचा, पण लिहायचा नाही.

आणि आकडे! उतारा छान चाललेला असतो आणि मधेच २५ हा अंक येतो. अंकाला अक्षर नाही, खूण नाही, काहीच नाही. 'पाच आणि वीस' या क्रमाने तो वाचायचा, तेवढे आपल्या पंचवीससारखेच. पण तीन ते दहापर्यंतच्या संख्यांचे लिंग मोजलेल्या वस्तूच्या उलट असते : पुस्तक पुल्लिंगी म्हणून 'तीन' स्त्रीलिंगी, गाडी स्त्रीलिंगी म्हणून 'तीन' पुल्लिंगी. तीन ते दहानंतर वस्तू अनेकवचनी, अकरा ते नव्व्याण्णवनंतर एकवचनी. म्हणजे अंक उच्चारण्याआधी पुढचा शब्द पाहून यायचे. अनुभवी निवेदकही इथे सावध होतात. शाळेत मात्र आकडे वाचण्याचा सराव कोणी घेत नाही. मी आठवड्यातली दहा मिनिटे फक्त त्यालाच देते.

यावर मला नेहमी तीन गोष्टी ऐकवल्या जातात.

पहिली : 'सक्किन तस्लम', म्हणजे टोकाला सुकून दे आणि सुखरूप राहा. ही जुनी, व्यवहारी म्हण आहे. शब्दांची टोके गाळा, कोणाचेच बिघडत नाही. कासिम अमीन यांनीही टोके सुकूनने वाचण्याची सूचना केली होती, आणि बोलताना सुशिक्षित लोक पुष्कळदा तेच करतात. मी ती पूर्णपणे झिडकारत नाही. वाक्याच्या शेवटी थांबताना टोकाचा स्वर गाळणे हा फुस्हाचा नियमच आहे. वरच्या वाक्यात 'बाब' आपण स्वराविना म्हटले ते त्यामुळेच. थांबण्याला अरबीत वक्फ म्हणतात. कुठे वक्फ घ्यायचा आणि कुठे शब्द जोडत न्यायचे हे कळणे म्हणजेच ओघ. पण वाक्याच्या मध्येही प्रत्येक टोक छाटत गेले, तर सांधेच राहत नाहीत. मग 'फतह, अल्-वलद, अल्-बाब' असे सुटे शब्द उरतात आणि आपण पुन्हा त्या चौदा वर्षांच्या मुलापाशी येऊन पोहोचतो. म्हण अडचणीतून सुटायला ठीक आहे, तिच्यावर अभ्यासक्रम उभा राहू शकत नाही.

दुसरी : मग सगळ्या पुस्तकांत खुणा छापा, प्रश्न मिटला. सलीम अबू-रबिया यांच्या अभ्यासांत खुणा असलेला मजकूर कच्च्या आणि तरबेज अशा दोन्ही वाचकांनी अधिक अचूक वाचला, तेव्हा या मागणीत तथ्य आहे. खुणा एकदम काढून घेण्याची घाई शाळांनी थांबवावी असे मलाही वाटते. पण शाळेबाहेरचे अरबी जग खुणांविना छापले जाते, आणि तरबेज वाचकाचा डोळा खुणांच्या गर्दीत मंदावतो असेही काही अभ्यासांत दिसले आहे. ज्या मुलाला फक्त खुणांचेच पुस्तक वाचता येते, त्याला वर्तमानपत्र बंदच राहील. म्हणून खुणा टप्प्याटप्प्याने कमी करायच्या, आणि त्या कमी करताना शिक्षकाने शेजारी बसायचे.

तिसरी हरकत मला सर्वांत जास्त विचार करायला लावते : मोठी मुले मनात वाचतात, मनातच वाचायला हवे, मग मोठ्याने वाचण्यावर इतका वेळ का? दुबईतून २०१५ साली सुरू झालेल्या 'अरब वाचन आव्हान' या उपक्रमात विद्यार्थी वर्षाला ५० पुस्तके वाचतात, आणि लक्षावधी मुले त्यात उतरली आहेत. हे मोठे काम आहे. ओघ शेवटी भरपूर वाचूनच टिकतो. पण मौनवाचनात अरबी वाचकाला एक पळवाट असते. टोकाचा स्वर ठरवल्याशिवाय नजर पुढे सरकू शकते. 'कतब' की 'कुतिब' हे अर्धवट सोडून मूल पान उलटते, आणि लिहिणारा कोण होता हे तीन ओळींनंतर त्याचे त्यालाच कळेनासे होते. मोठ्याने वाचताना निर्णय टाळता येत नाही. तोंडातून काहीतरी एक निघावेच लागते, आणि ते शिक्षकाला, जोडीदाराला, स्वतः वाचणाऱ्यालाही ऐकू येते. मौनवाचनात जे झाकले जाते, ते इथे उजेडात येते, म्हणून शिकवता येते.

वेगाच्या मोजमापाबद्दल थोडे. मिनिटाला किती शब्द ही मोजणी प्राथमिक वर्गांत रूढ झाली आहे आणि तिचा उपयोग आहे. पण अरबीत कसलेही स्वर लावत भरधाव निघून जाणे फार सोपे आहे, आणि घड्याळ त्याला शाबासकी देते. मी वेळ मोजते, पण त्याच उताऱ्यावर त्याच मुलाची सोमवारची आणि शुक्रवारची वेळ एवढीच. शेजारच्या मुलाशी तुलना नाही. आणि टोकाचा स्वर चुकला तर तेवढ्यापुरते थांबवत नाही. वाचन संपू देते, मग चुकलेल्या दोन-तीन जागा दाखवते. सगळ्या दाखवत नाही. ज्याने अर्थ बदलला त्याच.

जिथे अरबीची परीक्षा सगळी कागदावर होते, तिथे बिनखुणांचा उतारा कानाने तपासलाच जात नाही, आणि जे तपासले जात नाही ते शिकवायला वेळापत्रकात जागा मिळत नाही. म्हणून माझी मागणी आहे की माध्यमिकच्या प्रत्येक वर्षी तोंडी वाचनाला गुण असावेत, आणि त्यातला एक उतारा तयारी केलेला व एक अनोळखी असावा. तयारी केलेल्या उताऱ्यालाच जास्त गुण द्यावेत. तालीम केल्याचे फळ मिळते हे मुलांना त्यातूनच कळेल. शिक्षक तयार करणाऱ्या संस्थांनीही भावी शिक्षकाकडून व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेबरोबर आदर्श वाचन करून घ्यावे. जो स्वतः टोके खातो, त्याच्या वर्गात टोके कोण म्हणणार?

तो चौदा वर्षांचा मुलगा गेल्या शुक्रवारी पुन्हा उभा राहिला. हातात कोरी प्रत, तिच्यावर पेन्सिलीच्या चार खुणा. पहिले वाक्य एका दमात गेले. दुसऱ्या वाक्यात त्याने एका शब्दाला 'अ' लावला, पुढच्या क्रियापदापर्यंत पोहोचला आणि थांबला. मी काही बोलले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. बोट मागे नेले, त्याच शब्दाला 'उ' लावून वाक्य पहिल्यापासून म्हटले, आणि वाचत राहिला.